विमान उठले, पुढे काय?

इंग्रजीत एखादे काम खरोखर सुरू झाले की ते ‘ऑफ द ग्राउंड’ झाले असे म्हणतात. म्हणजे जमीन सोडून वर उठले. जे काम नुसते चर्चेत राहते ते जमिनीवरून उठतच नाही. हा वाक्प्रचार आता इंग्रजी बोलणाऱ्यांपुरता उरलेला नाही. जिल्हा नियोजनाच्या बैठकीत, बँकेच्या आढावा सभेत, शाळेच्या संचालक मंडळातसुद्धा कोणीतरी मराठी वाक्याच्या मध्येच विचारतो, ‘मग हे प्रकरण टेक ऑफ कधी घेणार?’

आपल्या भाषेतले सुरुवातीचे शब्द मात्र नेमके उलट्या दिशेने जातात. आपण भूमिपूजन करतो, पाया भरतो, कोनशिला बसवतो, लग्नघरी मुहूर्तमेढ रोवतो. इंग्रजांची सुरुवात जमीन सोडण्यात आहे, आपली जमिनीत शिरण्यात. आपल्या पूर्वजांना माणसाचा स्वभावही ठाऊक होता. म्हणून ‘नव्याचे नऊ दिवस’ ही म्हण आणि ‘आरंभशूर’ ही पदवी त्यांनी आपल्या हाती आधीच देऊन ठेवली आहे. आरंभशूर हा शब्द शिवीसारखा वापरला जातो, पण त्यात शूर आहेच. सुरुवात करायला धाडस लागते हे तो नाकारत नाही. धाडस पुरत नाही, एवढेच सांगतो.

या दोन वाक्प्रचारांची गाठ आमच्या गोंदिया जिल्ह्यात अक्षरशः पडली आहे. मी राहतो ते फुलचूर गोंदिया शहराला खेटून आहे. कागदोपत्री गाव, पाहायला गेले तर शहराचाच मोहल्ला. गेल्या काही वर्षांत इथल्या धानाच्या बांध्यांवर ले-आउट पडले आणि प्लॉटच्या जाहिरातींत शाळा, दवाखाना, रेल्वे स्टेशन यांच्या जोडीला विमानतळाचे अंतरही छापून येऊ लागले. विमानतळ आहे ही गोष्ट खरी. गोंदियापासून दहा-बारा किलोमीटरवरच्या बिरसीला तो आहे. प्रश्न असा की, तो जमिनीवरून उठला म्हणजे नेमके काय झाले?

एका धावपट्टीच्या अनेक सुरुवाती

बिरसीची धावपट्टी इंग्रजांनी १९४० साली, दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बांधली. युद्ध संपले, इंग्रज गेले, धावपट्टी राहिली. पुढे ती सार्वजनिक बांधकाम खात्याकडे होती. ऑगस्ट १९९८ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळाकडे आली आणि डिसेंबर २००५ मध्ये भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ताब्यात गेली. २००४ पासून काही वर्षे प्रफुल्ल पटेल केंद्रात नागरी विमान वाहतूक मंत्री होते आणि जिल्हा त्यांचा होता, हा योग सर्वांना माहीत आहे. धावपट्टी लांबवण्यात आली, ती आज सुमारे २३०० मीटरची आहे. विमानतळाची इमारत उभी राहिली. कॅनडाच्या सीएई कंपनीच्या भागीदारीत वैमानिक प्रशिक्षणाची संस्था आली. आमच्या आकाशात लहान विमानांची घरघर ऐकू येऊ लागली ती तेव्हापासून.

प्रवासी विमान येण्यास मात्र आणखी बरीच वर्षे लागली. १३ मार्च २०२२ रोजी ‘उडान’ योजनेखाली फ्लायबिग या कंपनीची इंदूर-गोंदिया-हैदराबाद सेवा सुरू झाली. जिल्ह्यात त्या दिवशी खरा उत्साह होता, त्याची थट्टा करण्याचे कारण नाही. ज्या जिल्ह्याचे नाव वर्तमानपत्रात नक्षलवाद, कुपोषण किंवा धान खरेदीतला घोळ यांच्याच निमित्ताने यायचे, त्याचे नाव विमानाच्या वेळापत्रकात आले, ही काही लहान गोष्ट नव्हे. पण ती सेवा वर्षही पुरे न करता त्याच साली बंद पडली. नंतर १ डिसेंबर २०२३ रोजी इंडिगोची हैदराबाद-गोंदिया सेवा सुरू झाली, तिला तिरुपतीची जोड होती. पुन्हा सत्कार, पुन्हा फीत, पुन्हा पहिल्या प्रवाशांचे फोटो.

विमानांची वेळापत्रके हंगामागणिक बदलतात. आज कोणते विमान येते आणि उद्या कोणते जाईल, हा या लेखाचा विषय नाही. विषय असा की, एकाच विमानतळाची सुरुवात इतक्या वेळा का करावी लागते? आणि दर वेळी आपण ती पहिलीच असल्यासारखी का साजरी करतो?

उडानचे गणित

उडान योजना २०१६ साली जाहीर झाली. तिची रचना समजून घेण्यासारखी आहे, कारण मूळ कल्पना चांगली होती. लहान गावाहून निघणारे विमान सुरुवातीला भरत नाही. रिकाम्या खुर्च्यांचा तोटा विमान कंपनी सोसणार नाही आणि तिकीट महाग ठेवले तर गिऱ्हाईक फिरकणार नाही. म्हणून सरकारने असे ठरवले की, विमानातल्या निम्म्याच्या आसपास जागा ठरलेल्या कमी भाड्याने विकायच्या. साधारण तासाभराच्या प्रवासाला सुरुवातीला २५०० रुपयांची मर्यादा होती. त्यातून येणारी तूट सरकारने भरून द्यायची, तीही तीन वर्षे. त्यातला बराचसा पैसा मोठ्या शहरांदरम्यानच्या उड्डाणांवर आकार बसवून उभा करायचा. राज्यांनी इंधनावरचा कर एक टक्क्यापर्यंत उतरवायचा, सुरक्षा आणि अग्निशमन फुकट पुरवायचे. तीन वर्षांत प्रवाशांना सवय लागेल, मार्ग स्वतःच्या पायावर उभा राहील आणि मग टेकू काढून घेता येईल, असा तो हिशेब.

बँकेत आयुष्य गेलेल्या माणसाला हा हिशेब ओळखीचा वाटतो. नव्या उद्योगाला आम्ही परतफेडीची सवलत देत असू. वर्ष-दीड वर्ष हप्ता नाही, तेवढ्यात धंदा रुळावर यावा. ही सवलत योग्यच असते. पण ती देताना बँक एक प्रश्न विचारते, निदान विचारायला हवा : सवलत संपल्याच्या दुसऱ्या दिवशी हप्ता कुठून येणार?

उडानच्या बाबतीत त्या प्रश्नाचे उत्तर कॅगने २०२३ च्या आपल्या अहवालात आकड्यांत दिले आहे. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत ७७४ मार्ग कंपन्यांना देण्यात आले. त्यांपैकी ४०३ मार्गांवर विमान सुरूच झाले नाही. सुरू झाले ते ३७१. त्यांतल्या फक्त ११२ मार्गांनी सवलतीची तीन वर्षे पुरी केली. आणि सवलत संपल्यानंतरही मार्च २०२३ मध्ये चालू होते ते अवघे ५४. म्हणजे शंभर मार्गांची घोषणा ऐकली, तर त्यातले सात टिकले असे समजावे.

या आकड्यांमधला माझ्या मते सर्वांत बोलका भाग पहिला नाही, दुसरा आहे. जे सुरूच झाले नाही त्याची चर्चा होते, विरोधी पक्ष विधानसभेत प्रश्न विचारतो. पण जे सुरू झाले आणि मग गुपचूप थांबले, त्याची नोंद कुठे होते? सुरू होण्याला तारीख असते, पाहुणा असतो, पाटी असते. बंद होण्याला यातले काहीच नसते. एके दिवशी संगणकावर त्या मार्गाचे तिकीट दिसेनासे होते, एवढेच.

महाराष्ट्रातच पाहू. २७ एप्रिल २०१७ रोजी पंतप्रधानांनी सिमल्याहून या योजनेच्या पहिल्या उड्डाणाला झेंडा दाखवला, त्याच कार्यक्रमात नांदेड-हैदराबाद सेवाही सुरू झाली. ती चालवणारी ट्रूजेट कंपनी २०२२ च्या सुरुवातीला जमिनीवर आली, ती आलीच. सिंधुदुर्गच्या चिपी विमानतळाचे उद्घाटन ९ ऑक्टोबर २०२१ रोजी गाजावाजाने झाले. मुंबईची सरकारी कंपनीची सेवा सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत संपताच ऑक्टोबर २०२४ मध्ये थांबली. कोकणी माणसाने त्याचा अर्थ लगेच ओळखला : टेकू काढला आणि मांडव बसला.

पण कोल्हापूरचे उदाहरण वेगळे आहे, आणि ते सांगितल्याशिवाय चित्र पुरे होत नाही. तिथली धावपट्टी संस्थानी काळातली, १९३९ ची. तिथेही अनेक सेवा आल्या नि गेल्या. २०१८ पासून मात्र हैदराबाद, बंगळूर, तिरुपती असे मार्ग जुळत गेले आणि विमानतळाने जीव धरला. का? कारण तिथे खालची जमीन तयार होती. फौंड्रीवाले, साखर कारखानदार, कामानिमित्त सतत फिरणारे व्यापारी, अंबाबाईला येणारे आणि तिरुपतीला जाणारे भाविक. विमानाने त्यांना निर्माण केले नाही, ते होतेच. विमान त्यांच्यापर्यंत पोचले.

गोंदियातही असा प्रवासी नाही असे नव्हे. राईस मिलवाले आहेत, शेजारी बालाघाट आहे, हैदराबादला नोकरीत गेलेली मुले आहेत, बालाजीला जाणारी कुटुंबे तर प्रत्येक गल्लीत आहेत. पण आमचा बहुसंख्य माणूस जातो कुठे? नागपूरला, रायपूरला, मुंबईला आणि पुण्याला. नागपूर रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर, गाडी चांगली असेल तर दोन तासांचा प्रवास. तिथे विमाने कितीतरी अधिक. अशा वेळी इंदूरला जाणारे विमान भरेल कसे, हा प्रश्न फीत कापण्याच्या आधी विचारायचा होता. मार्ग कंपनीच्या सोयीने ठरला की गावाच्या गरजेने, यावर त्याचे आयुष्य ठरते.

यंत्राचे उद्घाटन होते, खेळत्या भांडवलाचे नाही

आमच्या भागात धान म्हणजे सर्व काही आणि राईस मिल म्हणजे धंदा. मिलवाला बँकेत येतो तेव्हा त्याला दोन प्रकारचे कर्ज लागते. एक मुदत कर्ज : शेड, यंत्रे, तांदूळ निवडणारे सॉर्टेक्स. दुसरे खेळते भांडवल : हंगामात धान घ्यायला, हमालांची मजुरी द्यायला, विजेचे बिल भरायला, सरकारी धानाच्या भरडाईचे पैसे हाती पडेपर्यंत तग धरायला. यंत्राच्या कर्जाबद्दल सगळे उत्साहाने बोलतात. पूजा होते, पेढे येतात, शाखाधिकाऱ्याच्या हस्ते बटण दाबले जाते. खेळत्या भांडवलाची पूजा मी कधी पाहिली नाही. आणि तरी बंद पडलेल्या मिलच्या कहाण्या पाहिल्या तर यंत्र मोडले म्हणून बंद पडलेली मिल क्वचित सापडते. रोजचा पैसा आटला म्हणून बंद पडलेल्या मात्र बऱ्याच.

सरकारच्या अर्थसंकल्पातही अशाच दोन चुली आहेत. एक भांडवली खर्च, दुसरा महसुली खर्च. इमारत, पूल, धावपट्टी हा भांडवली. परिचारिकेचा पगार, प्रयोगशाळेतली रसायने, रस्त्याची डागडुजी हा महसुली. अर्थतज्ज्ञांनी आणि आम्हा बँकवाल्यांनीही वर्षानुवर्षे सांगितले की, भांडवली खर्च चांगला, कारण त्यातून मालमत्ता उभी राहते आणि महसुली खर्च आटोक्यात ठेवावा. मोठ्या हिशेबात ते खरे आहे. पण त्याचा गावपातळीवर झालेला अर्थ असा की, दवाखान्याची इमारत चांगली आणि दवाखान्यातला डॉक्टर म्हणजे बोजा. इमारतीवर नाव कोरता येते, डॉक्टरच्या पगारावर कोरता येत नाही. मग राजकारणी माणूस कशाच्या मागे जाईल, यासाठी फार अभ्यास लागत नाही.

कादंबरी लिहिणाऱ्याला याच गोष्टीचा आणखी एक पुरावा मिळतो. पहिले पान आनंदात लिहून होते. दिवाळी अंकाच्या संपादकाला ‘नवी कादंबरी सुरू केली आहे’ असे कळवताना छाती फुगते. खरी कसोटी शंभराव्या पानाच्या आसपास असते, जिथे पात्रे हट्टाला पेटलेली असतात आणि विचारपूस करायला कोणी येत नाही.

जमिनीआधीच उठलेले महाविद्यालय

जिल्ह्यातले दुसरे उदाहरण याहून विचार करायला लावणारे आहे. गोंदियाचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ साली सुरू झाले. स्वतःची इमारत नव्हती. कुंवर तिलकसिंह सामान्य रुग्णालय आणि बाई गंगाबाई स्त्री रुग्णालय या जुन्या वास्तूंच्या आधाराने ते चालू लागले. मुले आली, शिकली, डॉक्टर होऊन बाहेर पडली. आणि नव्या इमारतीची कोनशिला बसली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये, तत्कालीन उपराष्ट्रपती जगदीप धनखड यांच्या हस्ते. आधी कळस मग पाया, ही म्हण आपण थट्टेने वापरतो. इथे ती वेळापत्रक म्हणून वापरली गेली.

तरीही मी या महाविद्यालयाला अपयश म्हणणार नाही. उलट, मला त्यात विमानतळापेक्षा अधिक जीव दिसतो. कारण तिथे रोजचे काम आधी सुरू झाले. सकाळी बाह्यरुग्ण विभागासमोर रांग लागते, आमगाव-सालेकसाकडची बाई बाळंतपणासाठी येते, रात्री सर्पदंशाचा रुग्ण आणला जातो. गरज खरी होती आणि ती रोजची होती. म्हणून पाया नसतानाही ते चालले. पण किती ओढाताणीत चालले, हे ज्यांनी तिथे एक रात्र काढली आहे त्यांना विचारावे. इमारत येईल. ती येईल तेव्हा रिकाम्या पदांचे काय, हा प्रश्न समारंभाच्या मांडवात विचारला जाईल का, एवढीच शंका आहे.

आणि बिरसीच्या जमिनीचे काय? विमान जमिनीवरून उठते तेव्हा ती जमीन कोणाची होती, हा प्रश्न इंग्रजी वाक्प्रचारात मावत नाही. विमानतळाच्या विस्तारासाठी बिरसी आणि भोवतालच्या शेतकऱ्यांची जमीन गेली. त्यांच्या पुनर्वसनाचा, नोकऱ्यांचा प्रश्न वर्षानुवर्षे धुमसत राहिला, मोर्चे निघाले, निवेदने गेली. ज्यांनी जमीन दिली त्यांची सुरुवात अजून व्हायची होती आणि विमानाच्या सुरुवाती दोनदा साजऱ्या झाल्या. आपल्या भाषेने भूमीची पूजा करायला सांगितली, तेव्हा तिला बहुधा भूमी देणाऱ्याचाही विचार अभिप्रेत असावा.

तलावांकडून शिकण्यासारखे

आमच्या भागात टिकून राहिलेल्या सुरुवातीचाही नमुना आहे, आणि तो कोणत्याही योजनेहून जुना आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या पट्ट्यात हजारो मालगुजारी तलाव आहेत. आम्ही त्यांना ‘मामा तलाव’ म्हणतो. कोहळी समाजाच्या लोकांनी शेकडो वर्षांपूर्वी उतार पाहून, माती पारखून ते बांधले. नवेगावबांधचा तलाव कोलू पाटील कोहळी यांनी अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बांधल्याचे सांगतात. या तलावांच्या उद्घाटनाची पाटी कुठे सापडत नाही. पण पाळ कोणी बुजवायची, गाळ कधी काढायचा, पाणी कोणाच्या बांधीत आधी जायचे, याची रीत ठरलेली होती. बांधणे हे एकदाचे काम आणि राखणे हे दर वर्षाचे, हे त्या व्यवस्थेला पक्के माहीत होते.

१९५० च्या कायद्याने मालगुजारी गेली, तलाव सरकारकडे आले. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते, त्यात अन्यायही पुष्कळ होता. पण तलाव ताब्यात घेताना सरकारने पाणी घेतले आणि राखण्याची रीत घ्यायची राहून गेली. पाळीला भोक पडले तर अर्ज कोणाकडे करायचा, हे शेतकऱ्याला कळेना. गाळ साचत गेला, काठावर अतिक्रमणे झाली. अनेक तलाव आज आहेत म्हणायला आहेत. तलाव तोच, पाळ तीच. हरवला तो फक्त तिला दर वर्षी हात लावणारा माणूस.

म्हणूनच मला वाटते, सुरुवात नेमकी कोणत्या दिवशी झाली हे ठरवण्याची आपली फूटपट्टी चुकते आहे. ज्या दिवशी फीत कापली तो दिवस नव्हे. ज्या दिवशी ते काम कोणाच्या तरी रोजच्या जबाबदारीचा भाग झाले, आणि ती जबाबदारी निभावायला पैसा व माणूस ठरला, तो खरा दिवस.

आक्षेप आणि उत्तर

कोणी म्हणेल, असा सगळा हिशेब आधी मांडत बसलो तर काहीच सुरू होणार नाही. मागास भागाला धाडसाचीच गरज आहे. रेल्वे आली तेव्हा तरी कुठे नफा होता? आक्षेपात तथ्य आहे. हिंदुस्थानातल्या पहिल्या रेल्वे कंपन्यांना सरकारने परताव्याची हमी दिली होती, म्हणजे टेकू तिथेही होता. गोंदिया-जबलपूरची छोटी लाईन १९०३ ते १९०५ या काळात सुरू झाली, त्या जंगलात तेव्हा कोणते प्रवासी होते? पण त्या लाईनला पहिल्या दिवसापासून माल होता. लाकूड, लाख, धान्य, खनिज. आणि लाईन टाकली तेव्हाच तिच्यावर गँगमन नेमला गेला, तो रोज हातोडा घेऊन रूळ ठोकत चालायचा. ही लाईन मोठी करण्याचे काम १९९६-९७ मध्ये मंजूर झाले आणि पुरे व्हायला २०२१ उजाडले. सुमारे पाव शतक. कंटाळा यावा इतका वेळ. तरी ते तडीस गेले, कारण गाडीची गरज एका समारंभापुरती नव्हती.

अमेरिकन अर्थशास्त्रज्ञ वॉल्ट रोस्टो यांनी १९६० साली आर्थिक विकासाच्या पायऱ्या सांगणारे पुस्तक लिहिले, त्यात देशाच्या ‘टेक ऑफ’ची कल्पना मांडली. आपल्या योजनाकारांच्या तोंडी हा शब्द बराच काळ होता. पण त्यांच्या हिशेबात या उड्डाणाला वीस-तीस वर्षे लागत आणि ते पुरे झाल्याची खूण म्हणजे वाढ आपोआप चालू राहणे. शब्द आपण घेतला, मुदत घेतली नाही. वीस-तीस वर्षांचे काम आपण एका दुपारी, मांडव घालून उरकतो.

बिरसीला शिकणाऱ्या मुलांना हे आपल्यापेक्षा चांगले माहीत असते. वैमानिकाच्या शिक्षणात विमान वर नेणे हा त्यातल्या त्यात सोपा भाग. विमान पुन्हा धावपट्टीवर नीट उतरवता येते अशी प्रशिक्षकाची खात्री पटेपर्यंत मुलाला एकट्याने वर जाऊ देत नाहीत. त्यासाठी तो पुन्हा पुन्हा घिरट्या घेऊन उतरण्याचा सराव करतो. आणि हा धंदा जिवाशी खेळ आहे. १८ मार्च २०२३ रोजी बिरसीहून निघालेले एक प्रशिक्षण विमान शेजारच्या बालाघाट जिल्ह्यात कोसळले आणि प्रशिक्षक व प्रशिक्षणार्थी दोघेही गेले. जे रोज जमीन सोडतात, त्यांना जमिनीची किंमत सर्वांत जास्त कळते.

तेव्हा यापुढे आपल्या गावात कोणत्याही कामाचा नारळ फुटेल, तेव्हा टाळ्या जरूर वाजवाव्यात. पण मांडवातून निघण्याआधी तीन प्रश्न विचारावेत. चौथ्या वर्षी याचा खर्च कोण देणार? इथे रोज कामावर येणारी माणसे किती आणि त्यांची पदे मंजूर आहेत का? आणि ज्यांची जमीन यात गेली त्यांचे काय झाले? हे प्रश्न विरोधकाचे नाहीत. ज्याला काम टिकावे असे वाटते तोच ते विचारतो. जो विचारत नाही, त्याला पुढच्या समारंभाचे निमंत्रण हवे असते.

आणखी एक सूचना, फुकटची. प्रत्येक कोनशिलेच्या शेजारी दुसऱ्या पाटीची जागा मोकळी सोडावी. तिच्यावर पाच वर्षांनी लिहावे : हे काम आज चालू आहे, ते अमुक माणसे चालवतात. पाहुणा नाही बोलावला तरी चालेल. ज्या गावात ती दुसरी पाटी भरेल, तिथे काम खरेच सुरू झाले असे म्हणता येईल, मग ते जमिनीवरून उठलेले असो की जमिनीत रुजलेले.

गोंदिया स्टेशनातून कोल्हापूरला जाणारी महाराष्ट्र एक्सप्रेस रोज सुटते, राज्याच्या या टोकापासून थेट त्या टोकापर्यंत जाते. तिच्या सुटण्याची बातमी कोणी छापत नाही. ती उद्याही सुटणार, हे गृहीत धरून हजारो कुटुंबांनी मुलीची सासरे ठरवली, मुलांना पुण्याला शिकायला धाडले, म्हाताऱ्यांची औषधपाण्याची ये-जा बेतली. सार्वजनिक कामाचे यश मोजायचे तर ते असे मोजावे : त्याच्या भरवशावर लोकांनी आपल्या घरात काय काय ठरवले. बिरसीच्या विमानाच्या भरवशावर अजून कोणी काही ठरवायला धजत नाही. जेव्हा ठरवेल, तेव्हा विमान उठले असे आपण खुशाल म्हणू.